लोकशाहीवर विचार करणारा माणूस तासिका तत्त्वावर नको

आपल्याकडे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक रिटायर झाले की बऱ्याच कॉलेजांत काय होतं ते आतले लोक बरोबर सांगतील. निरोपसमारंभ होतो, शाल-श्रीफळ होतं आणि ती जागा तशीच राहते. पुढची दोन-तीन वर्षं कोणीतरी सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, शिकवलेल्या तासांपुरतेच पैसे घेऊन येतं, मग वर्कलोड बसत नाही म्हणून स्पेशलचे पेपर बंद होतात, मग जनरलही जातं, आणि एक दिवस डिपार्टमेंटच्या खोलीत परीक्षेचे जुने पेपर ठेवायला लागतात. यावर कोणी फार बोलत नाही कारण सगळ्यांच्या मनात एकच प्रश्न असतो, या विषयाला पोरं येतात किती आणि शिकून करणार काय.

मला या प्रश्नाला सरळ उत्तर द्यायचंय. तत्त्वज्ञानातल्या सगळ्या शाखांबद्दल मी बोलत नाहीये, नीती आणि लोकशाही या विषयावर आयुष्यभर काम करणारा जो प्राध्यापक असतो त्याच्याबद्दल बोलतोय. माझं म्हणणं असं आहे की अशा माणसाला पक्की नोकरी देणं ही लोकशाहीचीच गरज आहे, त्या माणसाचे लाड म्हणून ती द्यायची नसते, आणि तासावर पैसे देऊन हे काम होतच नाही.

यासाठी एका माणसाचं करिअर नीट बघू. जॉन ड्युई. मराठी वाचकाला हे नाव बहुतेक वेळा बाबासाहेबांचे अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठातले गुरू म्हणून माहीत असतं आणि तेवढ्यावरच आपण थांबतो, पण त्याची नोकरीची सगळी वाट बघण्यासारखी आहे. १८५९चा जन्म, अमेरिकेत व्हरमाँटमधल्या बर्लिंग्टन गावचा, घरी दुकानदारी. कॉलेज झाल्यावर तेलाच्या खाणींमुळे वाढलेल्या ऑइल सिटी नावाच्या गावात शाळामास्तर म्हणून दोन वर्षं काढली, मग मावशीकडून पाचशे डॉलर उसने घेऊन जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेला आणि १८८४ला पीएचडी झाली. त्याच वर्षी मिशिगन विद्यापीठात नोकरी लागली. आजच्या भाषेत सांगायचं तर पंचविशीत परमनंट होण्याच्या लायनीत लागलेला पोरगा.

आता इथे एक गंमतशीर धागा आहे जो आपल्यापर्यंत येतो. त्या काळात हेन्री मेन नावाचा फार मोठा इंग्रज कायदेपंडित होता, हा १८६०च्या दशकात कलकत्त्याला व्हाइसरॉयच्या कौन्सिलमध्ये लॉ मेंबर होता, म्हणजे आपल्यावर लागू होणारे कायदे करायच्या खात्यात. त्याने नंतर इंग्लंडमध्ये लोकशाहीवर पुस्तक लिहिलं आणि त्यात मांडलं की लोकशाही ही फक्त एक राज्यपद्धत आहे, तीसुद्धा कच्ची, कधीही कोसळेल अशी. ड्युईने १८८८ साली, वय अठ्ठावीस, या मेनला उत्तर म्हणून लोकशाहीच्या नीतीवर निबंध लिहिला. त्याचं म्हणणं की लोकशाही ही राज्यपद्धत आहे ती नंतर, आधी ती माणसांनी एकमेकांशी नैतिक नात्याने जोडून राहायची रीत आहे, आणि डोकी मोजणं म्हणजे लोकशाही असं समजणारा तिचा आत्माच चुकवतो.

निबंध तेव्हा काही गाजला वगैरे नाही, तरुण मास्तरचा निबंध, पण विचार सुटला नाही. १८९४ला तो शिकागोला गेला, १८९६ला तिथे विद्यापीठाचीच एक प्रयोगशाळा शाळा काढली जिथे लहान मुलं स्वयंपाक, सुतारकाम, विणकाम करत करत शिकायची, कारण एकत्र काम केल्याशिवाय एकत्र राहायची सवय कशी लागणार हा त्याचा प्रश्न होता. १९०४ला त्या शाळेच्या कारभारावरून विद्यापीठाच्या अध्यक्षाशी बिनसलं, राजीनामा दिला आणि कोलंबियाला आला. आणि १९१६ साली, म्हणजे मेनला उत्तर दिल्यानंतर अठ्ठावीस वर्षांनी, लोकशाही आणि शिक्षण यावरच्या पुस्तकात तोच विचार पिकून आला की लोकशाही ही शासनाच्या पद्धतीपेक्षा जास्त काहीतरी आहे, ती मुळात एकत्र जगण्याची, अनुभव एकमेकांना सांगत वाटून घेण्याची रीत आहे.

त्याच वर्षांत, १९१३ ते १९१६, साताऱ्याच्या शाळेत वेगळं बसवलेला, बडोद्याच्या सयाजीरावांच्या महिना साडेअकरा पौंड स्कॉलरशिपवर आलेला एक मुलगा कोलंबियात ड्युईच्या नीती आणि राजकीय तत्त्वज्ञानाच्या वर्गात बसत होता. ड्युईचं शिकवणं वक्तृत्व म्हणून अगदीच कंटाळवाणं, असं त्याचे विद्यार्थीच लिहून गेलेत. टेबलाशी बसायचं, समोर चुरगळलेले दोन-चार पिवळे कागद, नजर खिडकीबाहेर आणि अडखळत, थांबत बोलणं. काही दिवसांनी नीट ऐकणाऱ्याच्या लक्षात यायचं की हा माणूस पाठ केलेलं सांगत नाहीये, आपल्यासमोर बसून खरोखर विचार करतोय. बाबासाहेबांना हे इतकं भिनलं होतं की पुढे कित्येक वर्षांनी ते ड्युईच्या लकबी हुबेहूब करून दाखवायचे असं सांगतात.

आणि १९३६. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बोलावलेलं आणि मग रद्द केलेलं ते भाषण, जे बाबासाहेबांनी स्वतःच्या पैशाने छापलं. त्यात लोकशाही म्हणजे काय हे सांगताना ड्युईचं वीस वर्षांपूर्वीचं ते वाक्य जवळजवळ शब्दशः येतं आणि पुढे बाबासाहेब स्वतःची भर घालतात, की ही वृत्ती मुळात सोबतच्या माणसांबद्दलच्या आदराची आहे. हे जातीबद्दलच्या भाषणात आलंय हे विसरू नका. अमेरिकेतल्या एका प्राध्यापकाला जे शाळेबद्दल सुचलं ते इथल्या माणसाने जातीला लावलं आणि विचाराची धारच बदलून टाकली, कारण ज्या समाजात माणसं एकत्र जेवत नाहीत, एका पाणवठ्यावर पाणी भरत नाहीत, तिथे अनुभव वाटून घेणार कसा? त्याच पुस्तकात ते ड्युईचा उल्लेख आपले शिक्षक, ज्यांचं माझ्यावर मोठं ऋण आहे, असा करतात. ४ नोव्हेंबर १९४८ला संविधान सभेत मसुदा मांडताना, संविधानिक नीती ही काही उपजत भावना नसते, ती जोपासावी लागते आणि आपल्या लोकांनी ती अजून शिकायची आहे, हे जे ते म्हणाले त्याच्या मागेही हाच धागा आहे असं मला ठामपणे वाटतं.

हिशोब मांडा. १८८८चा निबंध, १९१६चं पुस्तक, १९३६चं भाषण, १९४८ची संविधान सभा. साठ वर्षं. मिशिगनमध्ये कोणी या माणसाला विचारलं असतं की तुझ्या निबंधाचं आउटपुट काय, किती पोरांना नोकरी लागली, तर त्याच्याकडे दाखवायला काय होतं? काहीच नव्हतं. अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर नेमला असता तर पुढच्या वर्षी दुसरा विषय धरावा लागला असता, कारण पहिला पिकायला अठ्ठावीस वर्षं लागणार हे त्याला स्वतःलाही माहीत नव्हतं. पक्क्या नोकरीचा पहिला उपयोग हा, वेळ. लोकशाहीबद्दलचा एखादा विचार शेतातल्या आंब्याच्या रोपासारखा असतो, लावणारा बघेलच असं नाही, पण रोप दरवर्षी उपटून मुळं बघितली तर कोणालाच आंबा मिळत नाही.

दुसरा उपयोग जास्त महत्त्वाचा आणि तो म्हणजे भीती नसणं. स्टॅनफर्डमध्ये १९००च्या सुमाराला एडवर्ड रॉस नावाच्या प्राध्यापकाला त्याच्या जाहीर मतांपायी काढलं कारण संस्थापकाच्या बायकोला ती पटत नव्हती. त्याची मतं चांगली होती असं अजिबात नाही, आशियातून येणाऱ्या मजुरांबद्दल तो जे बोलायचा ते वाईटच होतं, पण प्रश्न असा उभा राहिला की देणगी देणाऱ्याला प्राध्यापकाचं तोंड बंद करता येतं का. आर्थर लव्हजॉय या तरुण तत्त्वज्ञाने तिथून निषेध म्हणून राजीनामा दिला, आणि पुढे १९१५ साली त्याने आणि ड्युईने मिळून अमेरिकेतल्या प्राध्यापकांची संघटना उभी केली, पहिला अध्यक्ष ड्युई. नोकरीची शाश्वती ही विचारस्वातंत्र्याची अट आहे हे त्या संघटनेने तेव्हा मांडलं. दोन वर्षांतच परीक्षा आली, १९१७ला महायुद्धाला विरोध केला म्हणून कोलंबियानेच दोन प्राध्यापकांना काढून टाकलं. ड्युई स्वतः युद्धाच्या बाजूने होता. तरी त्याने या हकालपट्टीचा निषेध केला. आपल्या मताच्या विरुद्ध असलेल्या सहकाऱ्याच्या नोकरीसाठी बोलणं, लोकशाहीची नीती शिकवणाऱ्याने ती पाळून दाखवायची ती अशी.

बरं, त्या युद्धाच्या बाबतीत ड्युई चुकला असंच मी म्हणेन. त्याला वाटलं होतं की हे युद्ध जगात लोकशाही आणेल. रँडॉल्फ बोर्न हा त्याच्याच वर्गात शिकलेला तरुण लेखक, त्याने गुरूवर जाहीर, कडक टीका केली की तुमचं तत्त्वज्ञान शांततेच्या काळात ठीक होतं, युद्ध आल्यावर ते सत्तेच्या मागे फरपटत गेलं. बोर्न ३२ वर्षांचा असताना १९१८च्या फ्लूमध्ये गेला, त्याचं म्हणणं मात्र राहिलं, आणि ड्युई पुढे युद्धच बेकायदा ठरवा म्हणणाऱ्यांच्या चळवळीत गेला. काही लोक याच्यावर म्हणतात, एवढा मोठा नीतीचा प्राध्यापक चुकतो तर त्याला पगार कशाला द्यायचा. मला उलट वाटतं. आपण प्राध्यापकाकडून गुरुमहाराजाची अपेक्षा करतो, तो चुकता कामा नये, आणि ही अपेक्षाच लोकशाहीविरोधी आहे. त्याच्याकडून मागायचं ते एवढंच की त्याने कारणं देऊन बोलावं, जाहीर बोलावं आणि त्याचाच विद्यार्थी उभा राहून उलट बोलला तर ते ऐकून घ्यायची जागा त्याच्या वर्गाने तयार केलेली असावी.

आता आपल्याकडे येतो. माझ्या ओळखीत एक जण आहे, तत्त्वज्ञानात एमए, नेट, पीएचडी, सगळं झालेलं, एका तालुक्याच्या गावी कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतो. गाव, कॉलेज सांगत नाही, सांगायची गरजही नाही, असे खूप आहेत. महिनाअखेरीला तासांचं बिल भरायचं, कोणत्या तारखेला कितवा तास, कोणता टॉपिक, विभागप्रमुखांची सही, प्राचार्यांची सही, आणि पैसे कधी येतील ते कोणालाच माहीत नाही. दिवाळीची सुट्टी म्हणजे शून्य, परीक्षेचा महिना म्हणजे जवळपास शून्य, उन्हाळा म्हणजे पूर्ण शून्य. त्याच्याकडे पहिल्या वर्षाच्या पोरांचा लोकशाहीचा सक्तीचा पेपर दिलाय, मतदान, निवडणूक, सुशासन वगैरे. एकदा वर्गात एका मुलीने विचारलं, सर, लोकशाही आपण शिकतोय तर आपल्या कॉलेजात विद्यार्थ्यांची निवडणूक का होत नाही? प्रश्न एकदम बरोबर. महाराष्ट्रात नव्वदच्या दशकात बंद झालेल्या या निवडणुकांची तरतूद २०१६च्या विद्यापीठ कायद्यात परत आली, तरी गाडी काही रुळावर आली नाही. यावर अख्खा तास घेता आला असता, हिंसेच्या भीतीने निवडणूक बंद ठेवणं योग्य आहे का, अठराव्या वर्षी आमदार निवडता येतो तर वर्गाचा प्रतिनिधी का नाही, नेमलेला प्रतिनिधी आणि निवडून आलेला प्रतिनिधी यांत नैतिक फरक काय. त्याने तिला सांगितलं, हे आपल्या सिलॅबसमध्ये नाही, आणि पुढच्या मुद्द्यावर गेला. मला हे सांगताना त्याचा चेहरा पडलेला होता. पुढच्या जूनला ऑर्डर संस्थेकडूनच मिळणार, वर्गातली गोष्ट ऑफिसात जायला किती वेळ लागतो, घरी लहान मूल आहे. मी त्याला दोष देऊच शकत नाही. पण त्या मुलीने त्या तासाला लोकशाहीबद्दल काय शिकलं? की प्रश्न विचारला की विषय बदलतात.

हाच माणूस संध्याकाळी स्पर्धा परीक्षेच्या क्लासमध्ये एथिक्स शिकवतो आणि तिथे त्याला कॉलेजपेक्षा बरे पैसे मिळतात. यूपीएससीने २०१३पासून मुख्य परीक्षेत नीतिशास्त्राचा स्वतंत्र पेपर आणला, २५० मार्कांचा, आणि तेव्हापासून पुण्यात सदाशिव पेठेपासून जिल्ह्याच्या गावापर्यंत कांट आणि गांधी नोट्समध्ये मिळायला लागले. म्हणजे नीतीला मागणी नाही हे खोटंच आहे, मागणी आहे, गर्दी आहे. पेपर आणला हे चांगलंच झालं असं माझं मत आहे. पण त्यातल्या केस स्टडी वाचून बघा, बहुतेक ठिकाणी सुरुवात अशी की तुम्ही जिल्हाधिकारी आहात, तुम्ही पोलीस अधीक्षक आहात, तुमच्यासमोर अमुक पर्याय आहेत. तुम्ही टेबलाच्या पलीकडे अर्ज घेऊन उभे आहात आणि तिसऱ्यांदा परत पाठवलंय, आता तुमचं कर्तव्य काय आणि हक्क काय, हा प्रश्न तिथे क्वचितच येतो. ते स्वाभाविक आहे, परीक्षा अधिकारी निवडायची आहे. मात्र लोकशाहीची नीती ही मुख्यतः टेबलाच्या या बाजूच्या माणसाची नीती आहे. निर्णय त्या खुर्चीतल्या माणसानेच का घ्यावा, विचारायचं कोणाला, न विचारता घेतलेला चांगला निर्णय आणि विचारून घेतलेला कमी चांगला निर्णय यांत निवड कशी करायची, धरण होताना ज्याचं गाव जातं त्याच्या नकाराचं वजन किती धरायचं. हे प्रश्न क्लासमध्ये विचारता येत नाहीत कारण त्यांना मार्क मिळवून देणारं सुरक्षित उत्तर नसतं. ते विद्यापीठातच विचारायला हवेत आणि तिथे विचारणाऱ्याच्या डोक्यावर पुढच्या जूनची टांगती तलवार नको.

दुसऱ्या बाजूचं म्हणणंही मला माहितीय आणि त्यात तथ्य आहे. ज्यांना पक्क्या नोकऱ्या मिळाल्या त्यांनी काय दिवे लावले? लाखाच्या वर पगार, आणि लिहिलं ते प्रमोशनच्या पॉइंटसाठी, पैसे भरून छापून घेतलेल्या जर्नलमध्ये, जे चार लोक वाचत नाहीत. भरतीत काय व्यवहार चालतात ते तर गल्लीतल्या पोरालाही ठाऊक आहे. आणि त्याहून खोलवरची टीका गोपाळ गुरूंनी २००२ साली केली, की आपल्या समाजशास्त्रांत सिद्धांत मांडणारे ब्राह्मण आणि नुसती माहिती गोळा करणारे शूद्र अशी उतरंड तयार झालीय, म्हणजे विचार करायची खुर्ची कोणाला मिळते हाच लोकशाहीचा प्रश्न आहे. हे सगळं मान्य. पण यातून निघतं काय? खुर्च्या काढून टाका असं निघत नाही. आत्ता कुठे खेड्यातली, दलित, भटक्या, मुस्लिम घरातली पोरं-पोरी पहिल्यांदा नेट-सेट होऊन, पीएचडी करून त्या दारात येऊन उभी आहेत आणि नेमकं तेव्हाच दार बंद होतंय, जागा गोठतायत, आरक्षणाचं रोस्टर अडकतंय. तासिका तत्त्वाचा सगळ्यात मोठा फटका ज्याच्या घरी दुसरा पगार नाही त्यालाच बसतो, ज्याच्या मागे वडिलांचा फ्लॅट आहे तो बारा वर्षं सीएचबी काढू शकतो. म्हणजे उतरंड मोडायची असेल तर खुर्च्या पक्क्या करा आणि भरती उघड करा, मुलाखती रेकॉर्ड करा, मार्क जाहीर करा.

आणि पक्की नोकरी मिळालेल्या मराठी तत्त्वज्ञांनी काहीच केलं नाही हेही खरं नाही. मे. पुं. रेगे बघा, मुंबईच्या कीर्ती कॉलेजचे प्राचार्य, 'नवभारत'चे संपादक, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनंतर वाईच्या मराठी विश्वकोशाची जबाबदारी घेतलेली, धर्म, विवेक, सामाजिक न्याय यांवर त्यांनी मराठीत जे लिहिलंय ते वाचायला डोकं लागतं पण पदवी लागत नाही. नागपूरचे दि. य. देशपांडे, आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं आणि सत्तरी ओलांडल्यावर, १९९०च्या एप्रिलमध्ये, आगरकरांची परंपरा पुढे न्यायला 'नवा सुधारक' काढला जो लवकरच 'आजचा सुधारक' झाला आणि पुढे अडीच दशकांहून जास्त काळ महिन्याच्या महिन्याला निघत राहिला. त्यात नीती म्हणजे काय, विवेक म्हणजे काय यावर वाचकांनी पानंच्या पानं वाद घातलेत, इंजिनियर, गृहिणी, बँकेतले लोक. ड्युई ७७ वर्षांचा असताना १९३७ला मेक्सिकोत ट्रॉट्स्की या परागंदा रशियन क्रांतिकारकावरच्या स्टालिनच्या आरोपांची चौकशी करायला जाऊन बसला होता, घरच्यांनी नको नको म्हटलं तरी, आणि देशपांडे त्या वयात नागपुरात प्रुफं तपासत होते, मला दोन्ही एकाच जातीचं काम वाटतं. नोकरीत असताना कमावलेला विचार नोकरी संपल्यावर लोकांना परत करणं.

म्हणून माझी मागणी दुहेरी आहे आणि एक भाग दुसऱ्याशिवाय मला नको. सरकारने प्रत्येक विद्यापीठात आणि निदान प्रत्येक जिल्ह्यातल्या एका तरी कॉलेजात या विषयाच्या पूर्णवेळ, पगारी, पेन्शनच्या जागा ठेवाव्यात, पोरांची संख्या किती हे न बघता, जसं आपण न्यायाधीशाला दिवसाला किती केसेस आल्या यावर पगार देत नाही. आणि लोकशाहीचा सक्तीचा पेपर ज्याचा वर्कलोड कमी पडतोय त्याच्या गळ्यात मारायचा धंदा बंद करावा, तो पेपर शिकवायला याच विषयातला माणूस हवा. बदल्यात त्या प्राध्यापकाने वर्षातून काही वेळा तरी मराठीत, छापून किंवा गावातल्या वाचनालयात उभं राहून, लोकांपुढे आपला विचार ठेवावा आणि लोकांचे प्रश्न घ्यावेत, आणि प्रमोशनच्या वेळी त्या मराठी लेखाला, त्या व्याख्यानाला जर्नलमधल्या पेपरएवढंच वजन असावं. आज तसं वजन मिळत नाही, मराठीत चांगलं लिहिणारा प्राध्यापक फुकट वेळ घालवतोय असंच त्याचे सहकारी त्याला सांगतात.

पैसा कुठून आणायचा असं विचारणाऱ्यांनी हे बघावं की लोकशाहीचा हा पेपर आज हजारो पोरांना सक्तीचा आहे, त्याची परीक्षा फी घेतली जाते, पेपर काढले जातात, तपासले जातात, सर्टिफिकेट दिली जातात. एवढी यंत्रणा चालवायला पैसे आहेत. त्या मुलीने निवडणुकीबद्दल विचारल्यावर वर्गात थांबून, न घाबरता, आज सिलॅबस बाजूला ठेवू, तुझं काय मत आहे ते आधी सांग, असं म्हणू शकेल त्या माणसाच्या पगारापुरतेच तेवढे कमी पडतात.